तोड्याची बंदूक आणि खालचे काका

काकांचं पार्सल आलं की मी ते दारापाशीच ठेवायची, आत आणायची नाही.

इथे जर्मनीत एक पद्धत आहे. पार्सलवाला आला आणि ज्याचं पार्सल तो घरात नसला, तर तो शेजारची बेल वाजवतो, पार्सल तिथे देतो आणि त्याच्या दारावर चिठ्ठी चिकटवून जातो. मी मुलीकडे तीन-तीन महिने येते तेव्हा दिवसभर घरात मीच असते. नीता आणि जावई कामावर, नात इरा किंडरगार्टनमध्ये. त्यामुळे सगळ्या गल्लीची पार्सलं माझ्याकडे येतात. कुणाचे बूट, कुणाच्या कुत्र्याचं खाणं. संध्याकाळी माणसं येतात, हसून घेऊन जातात. मला बोलावं लागत नाही, म्हणून ते काम मला आवडतंही.

पण खालच्या काकांचं पार्सल लांबुळकं असायचं. इराहून उंच. पहिल्यांदा आलं तेव्हा मला वाटलं पडद्याच्या दांड्या असतील. संध्याकाळी काका वर आले, माझ्यासमोरच सुरीने चिकटपट्टी कापली आणि आतून बंदूक बाहेर काढली. मी स्वयंपाकघरात पळाले.

"अहो बाई, पळता कशाला? ही बंदूक नाही, काठी आहे काठी!" काका ओरडले. "हिच्या नळीत नुसता गंज आहे!"

काका म्हणजे नीताचे घरमालक. खालच्या मजल्यावर एकटे राहायचे. नीता जन्मली नव्हती तेव्हा ते झिंडेलफिंगेनच्या मोटारीच्या कारखान्यात आले आणि इथलेच झाले. बायको जर्मन होती, ती वारली होती. मूलबाळ नव्हतं. अंगाने किडकिडीत, थंडीतही अर्धी चड्डी आणि डोक्याला मात्र लोकरीची टोपी. त्यांचं मराठी ते इकडे आले त्या साली होतं तसंच राहिलं होतं. चांगल्या वस्तूला ते "फर्मास" म्हणायचे आणि मधेच "गेनाऊ, गेनाऊ" करायचे, म्हणजे अगदी बरोबर. जिना झाडायची पाळी या गावात प्रत्येकाला असते. काका आपली पाळी तर करायचेच, आमची झाली की कोपऱ्यात बोट फिरवून बघायचे आणि ते बोट जावयांना दाखवायचे.

त्यांना हवी होती एक खरी तोड्याची बंदूक. आपल्याकडची. तोडा म्हणजे सुताची जाड वात. नळीच्या बुडाशी एका बाजूला बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. नळीत दारू आणि गोळी ठासायची, कानापाशी थोडी दारू ठेवायची, पेटती वात टेकवायची, की बार उडतो. काकांनी मला हे इतक्यांदा सांगितलं की मी झोपेतही सांगेन. असल्या जुन्या बंदुकांना इथे परवाना लागत नाही असं ते म्हणायचे. जावयांनीही कॉम्प्युटरवर बघून तेच सांगितलं. पण परवाना लागत नाही म्हणजे भीती वाटू नये असं थोडंच आहे? माझ्या मुलीचं घर त्या बंदुकांच्या डोक्यावर होतं. उद्या काही झालं, पोलीस आले, तर मला पुन्हा व्हिसा देतील का, हे मी रोज देवाला विचारायची.

काका बंदुका कॉम्प्युटरवरच्या लिलावात घ्यायचे. लिलाव रविवारी संध्याकाळी संपायचे. रविवारी इथे सगळं गाव गप्प असतं, भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही असा नियम आहे. आणि त्या शांततेत खालून एकदम आरोळी यायची, "गेली! च्यायला, शेवटच्या क्षणाला नेली!" किंवा, "मिळाली!" मिळाली म्हटलं की मी धसकायची, कारण आठवड्याभरात ती माझ्या दारात येणार.

आणि आली की रड. फोटोत असायची तशी कधी नसायचीच. एकीच्या दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडाला, उलट्या बाजूने चीर होती, ती फोटोत नव्हती. एकीवर चांदीचं काम म्हणून होतं, ते नखाने खरवडल्यावर निघून आलं. परत पाठवतो म्हटलं की विकणारा म्हणायचा, मी दुकानदार नाही, मी माझ्या घरातली वस्तू विकली, परत घेत नाही. आणखी काही लिहिलं तर उत्तरच द्यायचा नाही.

"माळ्यावर सापडली म्हणतात हो बाई!" काका चिडून सांगायचे. "प्रत्येकाच्या माळ्यावर बंदूक! या देशात माळे आहेत की शस्त्रागारं?" मग शांत झाले की म्हणायचे, "फोटो बघून बंदूक घेणं म्हणजे फोटो बघून मुलगी पसंत करणं. उजेडात बसवून, चांगली बाजू पुढे करून काढलेला असतो तो."

"तुम्ही फोटो बघूनच घेता ना पण," नीता म्हणाली.

"मी आशेने घेतो. आशेला डोळे नसतात."

वस्तू हातात आली की काका आधी तिचा वास घ्यायचे. दस्त्याला नाक लावून डोळे मिटायचे. मला पहिल्यांदा ते बघवेना. पण एकदा त्यांनी माझ्यापुढेच दस्ता धरला. "तुम्ही स्वयंपाक करता. सांगा कसला वास येतो."

मी घाबरत घाबरत वास घेतला. "चहाचा येतो."

"गेनाऊ! चहाच्या पाण्यात लाकूड भिजवून जुनं केलंय हरामखोराने. फिरायला आलेल्या लोकांना विकायचा माल हा!"

असल्या सगळ्या खोट्या बंदुका त्यांनी तळघरात भिंतीला टांगल्या होत्या. कपडे धुवायचं मशीनही तळघरातच. त्यामुळे मला कपडे घेऊन त्या भिंतीसमोरून जावं लागायचं आणि सगळ्यांची तोंडं नेमकी मशीनकडे. मी वाकून जायची. कपडे काढून परत वाकूनच यायची. एकदा काकांनी ते बघितलं आणि जिन्यात बसून इतके हसले की त्यांना खोकला लागला. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यांनी सगळ्या बंदुका फिरवून तोंडं भिंतीकडे केली होती.

लिलावात फसले की काका काही दिवस कॉम्प्युटर झाकून ठेवायचे आणि गावातल्या दुकानदाराकडे जायचे. जुन्या भागात, शनिवारचा भाजीबाजार भरतो त्याच्या मागे त्याचं दुकान आहे. मलाही भाजीच्या निमित्ताने घेऊन जायचे. पिशव्या स्वतः धरायचे, मला एकही उचलू द्यायचे नाहीत.

दुकानदार जर्मन, जाडजूड, कमरेला चामड्याचा एप्रन. बेल वाजवल्यावर आधी काचेतून बघायचा, मग उघडायचा. कुठल्याही वस्तूवर किंमत लिहिलेली नाही. वस्तू बघायच्या आधी कुणी किंमत विचारली तर तो ती परत भिंतीला लावून टाकायचा. आणि बघायला द्यायच्या आधी एक गोष्ट नेमाने करायचा. एक लांब बारीक काठी, गज म्हणतात त्याला, तो नळीत शेवटपर्यंत घालायचा. नळीच्या तोंडाशी गजावर अंगठा दाबून धरायचा. मग गज बाहेर काढून तो नळीच्या बाहेरून लावून दाखवायचा. गज आत कुठवर गेला ते त्यावरून दिसायचं. पार बुडाच्या कानापर्यंत गेला असला तर नळी रिकामी. मग म्हणायचा, "लेअर." म्हणजे रिकामी. कालच दाखवलेली बंदूक आज पुन्हा काढली तरी पुन्हा गज, पुन्हा अंगठा, पुन्हा लेअर.

काकांना त्याचा वैताग यायचा. एकदा त्यांनी त्याला काहीतरी सुनावलं आणि तो शांतपणे काहीतरी बोलला. परत येताना काकांनी मला सांगितलं. "मी म्हटलं, अरे बाबा, शेकडो वर्षांची वस्तू आहे, हिच्यात कोण दारू भरून ठेवणार? तर म्हणतो, ज्याने ती शेवटची भिंतीला टेकवली, त्याला ती शेवटची आहे हे माहीत नव्हतं. घ्या! बंदुका विकतो की कीर्तन करतो?"

काका हसले. मला हसू आलं नाही. ते वाक्य माझ्या मनात जाऊन बसलं.

त्या दोघांचं भांडण माझ्यासमोरच झालं. दुकानदाराकडे एक तोड्याची बंदूक आली होती. काकांनी तिचा वास घेतला, डोळे मिटले आणि खूप वेळ उघडलेच नाहीत. मग किंमत विचारली, त्याने सांगितली. काकांनी निम्मी सांगितली. त्याने नाही म्हणून मान हलवली. काकांनी आपल्याकडे करतात तेच केलं. नको म्हणाले, पिशव्या उचलल्या आणि दुकानाबाहेर पडले.

"हळू चाला बाई," ते हळूच म्हणाले. "हाक मारेल."

आम्ही हळू चाललो. पानकोबीच्या गाडीपाशी काका उगाच थांबले. पुढे फुलवालीपाशी थांबले. मागून हाक आली नाही. आला तो कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज. दुकानदार दार लावून जेवायला निघून गेला होता.

"याला धंद्याची रीतच माहीत नाही!" काका लाल झाले. पुढच्या शनिवारी त्यांनी मन मोठं करून पुरी किंमत द्यायची तयारी दाखवली, तर तो म्हणाला, तुम्हाला ती निम्म्याची वाटते, मग ती तुमच्याकडे नकोच. काका त्याला तिथेच म्हणाले, मला तुझी गरज नाही, मी कॉम्प्युटरवरून घेईन. आणि त्याच्या दुकानाची गल्लीच सोडली. भाजीला जायचं झालं तर वळसा घालून जायचे.

तर त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास मी इथे होते आणि मोठं पार्सल आलं. काकांनी उघडलं आणि ओरडलेच नाहीत. खाली बसले. वास घेतला. मलाही घ्यायला दिला. जुन्या देवघराला येतो तसा वास होता, तेलाचा आणि धुराचा.

"हिचा विकणारा म्हणतो माळ्यावर सापडली," काका म्हणाले. "आणि बाई, मला वाटतं ती खरंच सापडली असेल."

लगेच त्यांनी ठरवलं की या दसऱ्याला शस्त्रपूजा आपल्या घरी. एरवी त्यांच्याकडे सण नसायचाच. सुट्टी म्हणून शनिवारी ठेवली. जावयांच्या कारखान्यातली दोन मराठी घरं बोलावली. काकांनी सोवळं शोधलं, पोट इतकं आत गेलेलं की ते कमरेला टिकेना, म्हणून त्यांनी पट्टा लावला. पाटावर लाल कापड, त्यावर ती बंदूक, शेजारी त्यांचे कारखान्यातले पाने आणि पकडी, जावयांचा लॅपटॉप, गाडीची किल्ली. झेंडू नव्हता, शेवंती होती. मी पेढे केले होते.

"आता नुसतं ओवाळायचं नाही," काका सगळ्यांना सांगत होते. "बंदुकीला तोडा लावायचा, पेटवायचा आणि कानाला टेकवून दाखवायचा. तिला कळलं पाहिजे की ती आपल्या माणसांत आली. फोटो काढा रे नीट!"

सगळे हसले. काकांनी निरांजन लावलं. उदबत्ती लावली. सुताची वात वळून बंदुकीच्या चापात, म्हणजे वात धरायच्या चिमट्यात, बसवली.

इरा परकर पोलकं घालून पेढ्यांच्या ताटाजवळ बसली होती. पाटाच्या त्या टोकाला. मी बघितलं तर बंदुकीचं तोंड तिच्याकडे होतं.

गज घातला होता का? काकांनी पार्सल माझ्यासमोर उघडलं होतं, पुसलं होतं, वास घेतला होता. गज घातलेला मी बघितला नव्हता. मी "इरा, इकडे ये," म्हटलं. इरा "नाइन, आजी," म्हणाली, म्हणजे नाही, आणि पेढ्यांच्या ताटाला चिकटून बसली. तिला सगळं मराठी समजतं, पण उत्तर ती जर्मनमध्ये देते. घरात इतकी शिकलेली माणसं, काका तर कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. मी काय बोलणार? मला पाहुण्यांना पाणी हवं का एवढंसुद्धा विचारायचं धाडस होत नाही.

काकांनी निरांजन उचलून वातीला लावलं. वात पेटली.

मी उठले आणि इराच्या पुढे जाऊन बसले. बंदुकीच्या तोंडासमोर.

"अहो बाई, फोटोत येताय!" काका म्हणाले. कुणीतरी हसलं. "काकूंनाही ओवाळा," असंही कुणी म्हणालं.

"आई, काय गं हे, सरक ना," नीता म्हणाली. तिला लाज वाटली माझी.

मी सरकले नाही. मला वाटतं माझा आवाज फारच बारीक निघाला. "गज घालून बघितलात का?"

"काय?"

"तो दुकानदार घालतो तसा. गज."

काकांचा चेहरा उतरला, मग रागावला. दुकानदाराचं नाव काढलेलं त्यांना नकोच होतं. "तुम्हालाही कीर्तन लागलं का? बरं! बघा! सगळे बघा!" त्यांनी पेटती वात चिमटीत विझवली, खिडकीच्या पडद्याची बारीक पितळी दांडी काढून आणली आणि नळीत घातली. तोंडाशी अंगठा दाबला. दांडी बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावली.

दांडी कानापर्यंत पोचली नाही. हाताच्या चार बोटांएवढी कमी पडली.

त्यांनी पुन्हा घातली. पुन्हा लावली. पुन्हा तेवढीच कमी.

काका त्या मधल्या चार बोटांकडे बघत होते. मग ते खाली वाकले आणि त्यांनी निरांजन तोंडाने फुंकून विझवलं. आपल्यात दिवा फुंकून विझवत नाहीत. काकांनी फुंकला. मग उदबत्ती पाण्याच्या तांब्यात बुडवली. "सगळे बाहेर," ते म्हणाले. "मागच्या दाराने. इराला उचला."

आम्ही बागेत उभे राहिलो. नीताने इराला इतकं घट्ट धरलं होतं की ती रडायला लागली. काकांनी सोवळ्यावरच फोन काढला. दोनदा चुकीचा नंबर लागला. मग लागला. काका जर्मनमध्ये बोलले, अगदी थोडं. मग नुसतं ऐकत राहिले आणि "या, या," म्हणजे हो हो करत राहिले.

"काय म्हणाला?" जावयांनी विचारलं.

"हात लावू नका, पाणी जवळ ठेवा, म्हणाला. येतोय. एवढंच." काकांनी फोन बंद केला. "टोमणा मारला नाही हो त्याने."

दुकानदार आला तो चामड्याचा एप्रन घालूनच. एकटा आत गेला. कानातून पाणी सोडलं, बंदूक ओल्या फडक्यात गुंडाळली आणि घेऊन गेला. काका त्याच्याबरोबर गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांच्या मुठीत एक शिशाची गोळी होती. बोराएवढी. त्यांनी ती आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवली. मागे काळी ढेप निघाली म्हणाले, जळक्या तिळासारखी. दुकानदाराने तिचा कण अंगणात वाळवून पेटवून बघितला.

"पेटली?" नीताने विचारलं.

काकांनी मान हलवली. पेटली होती.

ते म्हणाले, "बंदूक खरी आहे, बाई. तो म्हणाला, खोटी बंदूक कुणी भरून ठेवत नाही." मग टोपी काढून दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले. मी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. दुसरं काय करणार?

ती बंदूक त्यांनी घरात आणली नाही. दुकानदाराला म्हणाले, तुझ्याकडेच राहू दे. त्याने ती त्याच्या भिंतीला लावली, किंमत सांगायची नाही असं ठरवून. दर शनिवारी काका तिला भेटायला जायचे. दुकानदार कॉफी करायचा. बंदूक खाली काढायचा, स्वतःच रिकामी केलेली असूनही गज घालायचा, बाहेरून लावून दाखवायचा, लेअर म्हणायचा, मगच काकांच्या हातात द्यायचा. काका वास घ्यायचे आणि परत द्यायचे. मी बरोबर असले की म्हणायचे, "बघितलंत ना बाई? तुमच्यासाठी करतो तो." लिलाव बंद झाले. रविवारी गल्ली खरंच शांत झाली. मला त्या शांततेचीही सवय व्हायला वेळ लागला.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. मी तेव्हा गावी होते, नीताने फोनवर सांगितलं. घराचं पुढे काय होणार ते अजून कुणाला माहीत नाही. या वेळी आले तर तळघरातल्या बंदुका होत्या तिथेच आहेत, तोंडं भिंतीकडे. मी तरी वाकूनच जाते.

परवा शनिवारी इराला घेऊन भाजीला गेले. येताना पाय आपोआप त्या गल्लीत वळले. दुकानदाराने काचेतून बघितलं आणि दार उघडलं. त्याला मराठी येत नाही, मला जर्मन येत नाही. त्याने काही न विचारता ती बंदूक खाली काढली. गज घातला. अंगठा दाबला. गज बाहेर काढून नळीला लावला आणि माझ्यापुढे धरला, नीट दिसेल असा. पार कानापर्यंत.

"लेअर," तो म्हणाला.

मी मान हलवली. वास घेतला. आणि बंदूक परत देताना दुसऱ्या हाताने इराला ओढून माझ्या मागे घेतलं.